कापलेलं सांधता येत नाही

तीन महिन्यांच्या नातीला एक्स-रेच्या टेबलावर ठेवलेलं पाहून शिंपीआजोबा पुढे धावले. सकाळीच डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "रोगाशी लढणाऱ्या पेशी घडताना स्वतःचाच डीएनए कापतात आणि नव्यानं सांधतात, तुमच्या कापडासारखा. हिच्या पेशी कापतात, पण त्यांना सांधता येत नाही. एक्स-रेनंही डीएनए तुटतो, म्हणून तो टाळायचा."

"थांबा!" आजोबा ओरडले.

"अहो, क्षणाचं काम," एक्स-रेवाला म्हणाला. "कशाला जीव खालीवर करता?"

"कात्रीलाही क्षणच लागतो, बाबा. आधी बाईंना विचारा."

त्यानं फोन लावला आणि ऐकता ऐकता पांढराफटक पडला.

आजोबांनी नातीला उचललं, पण तिला घट्ट धरायला ते धजेनात. काल भरती करताना एक एक्स-रे निघालाच होता, आणि तेव्हा तिला त्यांनीच घट्ट धरून ठेवलं होतं.