गाडी पास झाली

आमची गाडी चौदा वर्षांची आणि तिच्या नखऱ्यांचा मला मनस्वी वैताग. दोन महिन्यांपासून इंजिनाचा पिवळा दिवा विझायला तयार नव्हता. हथखोज भागातला आमचा मिस्त्री म्हणाला, "सेंसर होगा, चलने दो." मग मीच त्या दिव्यावर एक टिकली चिकटवून टाकली. कटकट मिटली.

दुसरी कटकट सासूबाईंची. रुक्माबाई मागच्या सीटवर बसल्या की दहा मिनिटांत त्यांचं डोकं दुखायचं, मळमळायचं, मग त्या पेंगायच्या. उतरल्या की थोड्या वेळात ठणठणीत. याला नाटक नाही तर काय म्हणायचं? मी तोंडावर म्हटलंही, "आई, गाडी काढली की बरं तुमचं डोकं दुखते!" तेव्हापासून त्या गप्प बसायला लागल्या.

त्यांच्या भाचीच्या मुलीचं नागपूरला लग्न होतं. गुडघ्यांमुळे स्टेशनचा जिना त्यांना चढवत नाही, म्हणून गाडीच न्यायची होती. पण प्रदूषणाचं सर्टिफिकेट संपलेलं. राजदीप, माझा नवरा, प्लांटमध्ये, म्हणजे इथल्या पोलादाच्या कारखान्यात, गॅस सेफ्टीत आहे. नियम म्हणजे नियम. "पास झाली नाही तं गाडी घराबाहेर निघत नाही," त्याने सांगून टाकलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, घरी एकट्या नकोत म्हणून सासूबाईंना घेऊन, मी पावर हाउस भागातल्या धूर-तपासणी केंद्रावर गेले. जानेवारीची थंडी, त्यांचे कान दुखतात, म्हणून काचा बंद आणि हीटर चालू. पोचेपर्यंत माझंही डोकं जड झालं. रागाने झालं, असं मला वाटलं. राजदीप ड्यूटी सुटल्यावर मित्राच्या मोटारसायकलवर परस्पर तिथे आला.

नापास होणार याची मला खात्रीच होती. तपासणीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, मला एक्सिलरेटर दाबायला लावलं, आणि कागद काढून माझ्याकडे बघतच राहिला. "भाभी, चौदह साल की गाड़ी और इतना कम धुआँ? नई गाड़ी का भी नहीं आता!"

माझा जीव भांड्यात पडला. राजदीपने मात्र तो आकडा दोनदा वाचला. "इतकं कमी कसं?"

"पास झाली तेही खुपते तुमाले!" मी म्हटलं आणि सासूबाईंना मागे बसवून काचा पुन्हा बंद केल्या. राजदीप चालवायला बसला.

घरी परतताना जुनवानीच्या जवळ आलो आणि राजदीपच्या खिशात काहीतरी किंचाळायला लागलं. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बिनवासाचा विषारी वायू, मोजायचं त्याचं यंत्र. ड्यूटी सुटताना जमा करायचं असतं, घाईत राहून गेलं होतं.

"बंद करा ना ते!"

त्याने पडद्याकडे पाहिलं आणि करकचून ब्रेक मारला. आकडा एकशे अडुसष्ट. त्यांच्याकडे पन्नासला माणसं जागा सोडून पळतात, हे त्यानेच मला कितीदा सांगितलं होतं.

"दार उघड, संघमित्रा! आईले काढ पहिले!"

सासूबाईंची मान काचेला टेकली होती. मी हाक मारली. हलवलं. पुन्हा हलवलं. मान नुसती डुलली. दोघांनी ओढून त्यांना रस्त्याच्या कडेला निजवलं, मी गालावर चापट्या मारत राहिले. किती वेळाने कोण जाणे, त्यांनी डोळे उघडले.

राजदीप गाडीखाली वाकून उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. "सायलेन्सरचा पाइप मागच्या सीटखाली फुटला. तळाचा पत्राही सडला. धूर मागून निघतच नाही, आत भरून राहिला. म्हणून मशीनले कमी दिसला."

मशीनला न सापडलेला धूर दोन महिने या बाईच्या छातीत जात होता, आणि मी तिला नाटकी म्हणत होते. मला माझीच किळस आली.

दवाखान्यात न्यायला मी ऑटो थांबवला. तो बघून सासूबाई धडपडत उठून बसल्या. पदर सावरला आणि घाबरून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"ऑटो कावून वं? गाडीतच बसतो ना मी. डोकं नाही दुखून राहिलं माह्यं. तू रागावू नको."

आणि लटपटत उभ्या राहून त्यांनी गाडीच्या दाराकडे हात नेला.