हिरव्याच्या घरातला खेन

मित्रांनो, भिंतीवर टांगलेला हा बांबूच्या नळ्यांचा जुडगा म्हणजे मी, एक जुना खेन. फार दमलोय, म्हणून थोडक्यात सांगतो. रोई-एत शहराजवळच्या एका गावात म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं आणि माझ्या फटी काळ्या मेणाने बुजवल्या. तोंड लावून श्वास सोडला की मी वाजतो, आत ओढला तरी वाजतो. म्हणून ज्याचा दम चांगला, त्याचाच मी.

गावातल्या थोंगसाई नावाच्या पोराचा दम चांगला होता. मिसरूड फुटायच्या आतच तो कम्फाई मावशींच्या साथीला बसू लागला. मावशी आजाऱ्याच्या उशाशी गाऊन आकाशातल्या देवतांना बोलावतात. तो त्यांच्याबरोबर फिरायचा, म्हणून लोक त्याला 'खेनवाला' म्हणत आणि मी उगाच मिरवत असे. सुखाचे दिवस होते.

मग गांजाची दुकानं राजरोस उघडली. थोंगसाई शहरात कामाला गेला, तिथे दोस्तांनी त्याचं नाव 'हिरव्या' ठेवलं. सुट्टीत घरी आला की सुरुवातीला तो म्हणायचा, "कधीमधी ओढतो." पुढे म्हणू लागला, "आपण ओढणारेच!" कधीमधीचं सोडता येतं. पण आता सोडायचं म्हणजे स्वतःलाच टाकून द्यायचं, असं त्याला वाटू लागलं होतं. सदऱ्यावर गांजाचं पान, दंडावर गोंदलेलं तेच पान, आणि दोस्तही सगळे त्याच पानाचे.

त्याची आई आजारी पडली तेव्हा मावशींनी त्याला साथीला येण्याचा निरोप धाडला. तो आला तो तांबारलेल्या डोळ्यांनी. एक सूर सतत घुमत राहावा म्हणून वादक माझ्या एका भोकावर मेणाची गोळी चिकटवतात. त्याने ती भलत्याच भोकावर लावली आणि फुंकू लागला. मावशींना काही केल्या सूर सापडेना. देवतांसाठी आईभोवती फेर धरून नाचणाऱ्या बायका थांबल्या.

"मेण कुठे लावलंस रे? शुद्धीवर आहेस ना?"

"मी असाच आहे, मावशी. असाच वाजवतो."

"असाच? तुला मांडी घालून बसायला मी शिकवलं! हा 'असाच' कोण, मी नाही ओळखत बाई."

चटईवरून आई क्षीण आवाजात म्हणाली, "राहू द्या हो. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या गावातून दुसरा वादक आला. आई हळूहळू सावरली. थोंगसाई घरीच राहिला, पण मला हात लावेना. माझ्या नळ्यांत कोळ्यांनी जाळी विणली. रस्त्यावरून कुणी "ए हिरव्या!" म्हटलं की तो उठून त्याच्यामागे जायचा.

परवा एक बाई दाराशी आली. "माझा मुलगा अंथरुणाला खिळलाय. खेनवाला थोंगसाई इथेच राहतो ना?"

पायरीवर बसलेल्या थोंगसाईने मान खाली घातली. "इथे तसा कुणी राहत नाही."

"राहतो!" आई आतून कडाडली. "बसा, बाई. थोंगसाई, पाणी आण त्यांना."

त्याने पाणी आणलं. आईने मला भिंतीवरून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने फुंकलं, तर नुसती धूळ उडाली आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

"मला वेळ लागेल, काकू."

"मग बसते की मी," ती म्हणाली.

मित्रांनो, मला स्वतःचा श्वास नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर त्याच्या दारात जा आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने विचारा. तो म्हणेल, इथे राहत नाही. तरी बसून राहा.