पिल्लांचा भरडा

बेंबळीच्या कुलदीपनं शेतात पांढरी विलायती डुकरं पाळली, तेव्हा गावानं थोडी थट्टा केली. त्याच्या सहावीतल्या लेकीचा, सृष्टीचा, मात्र पिल्लांवर जीव जडला. पण आईचं दूध सुटल्यापासून पिल्लं वाळत चालली. मक्याचा भरडा पोटात जाई आणि तसाच बाहेर पडे. शेवटी कुलदीप म्हणाला, हा महिना बघू, नाहीतर टेम्पो बोलावून सगळी विकून टाकू.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाचक भुकटी दिली. कोवळ्या पोटाला दाण्यातलं जे फोडता येत नाही, ते ती फोडून देते, पण तिला उष्णता सोसत नाही, असं त्यांनी समजावलं. तेव्हापासून भुकटीचा गुण येतो का बघायला सृष्टी रोज सकाळी पिल्लांची घाण चाळणीत धुऊन मक्याचे कण शोधी. तिची आजी, कमलबाई, विचारी, आज सोनं किती निघालं? शाळेत ही बातमी पोचली, तेव्हा बाकावर सृष्टीच्या शेजारी ऐसपैस जागा झाली.

कण काही कमी होईनात. भुकटीच खोटी, असं कुलदीपनं ठरवून टाकलं आणि महिनाअखेरीसाठी टेम्पो सांगून ठेवला. सृष्टी रडवेली झाली आणि भरडा कसा होतो ते बघायला चुलीपाशी जाऊन बसली. म्हशीला शिजवून घालतात तसा आजी पिल्लांचा भरडा शिजवत होती, आणि भुकटी त्या रटरटत्या पातेल्यातच टाकत होती. दूध तुटलेल्या लेकरांना कच्चं कसं घालायचं, हे तिचं म्हणणं.

आजीची चूक काढायची कशी? सृष्टीनं जरा विचार केला.

“आजी, उकळत्या दुधात विरजण घातलं तर?”

“दही लागायचं न्हाय. विरजण मरतंय की. एवढं बी ठाव न्हाय व्हय तुला?”

सृष्टी नुसती पातेल्याकडं बघत राहिली. आजीची पळी हवेतच थांबली.

“मग आधी सांगायला काय झालं होतं, मास्तरीणबाई?”

त्या दिवसापासून भरडा आधी निवायचा, मग भुकटी पडायची. हळूहळू चाळणीतले कण कमी झाले, पिल्लांच्या अंगावर मांस चढलं.

महिना सरला तशी कुलदीपनं नाकाला रुमाल लावून चाळणीत डोकावून बघितलं. एक पिल्लू उचलून हातावर तोललं. मग फोन काढून टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं आणि परत चाळणीवर वाकला.

“बाबा, नुसतं बघू नका,” सृष्टी म्हणाली, “पाणी ओता.”