चिलखताच्या छातीवरची घळ

मित्रांनो, मी एक पत्र्याचं चिलखत आहे. जुनं म्हणाल, तर वय अवघं तीन वर्षं. पण अंगावर ठोक्यांचे इतके व्रण आहेत की कोणी मला तीनशे वर्षांचं समजलं, तर मी त्याची समजूत मोडत नाही. बदलापूरला मुलींना दांडपट्टा शिकवतात त्या वर्गात मी खुंटीवर असतो. मुली मला तेल लावतात, माझ्या पाठीला पाठ लावून फोटो काढतात. आज मी तुम्हाला माझी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगणार आहे. ती निभावली, म्हणून तर सांगायला तोंड आहे.

माझा जन्म अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत झाला. तिथं विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनवणारा एक कारखाना आहे. भगवंत हे तिथले जुने कारागीर. एका पेटीच्या दारातून उरलेला पत्रा त्यांनी मालकाला विचारून घरी आणला, वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून मला आकार दिला. माझे सारे भाऊबंद पेट्या होऊन भिंतीला चिकटले. मी एकटा चिलखत झालो. साहजिकच मी हरखलो होतो.

मला बनवायचं कारण म्हणजे भगवंतांची मुलगी श्रद्धा. ती चित्रं काढते. कधी नसलेली राज्यं, उडते घोडे आणि तलवार घेतलेल्या बाया. अंबरनाथच्या एका सभागृहात रविवारी तिचं पहिलं प्रदर्शन होतं. सगळ्यात मोठ्या चित्रासमोर तसंच चिलखत घालून खरीखुरी लढवय्यी उभी करायची आणि दहा मिनिटं दांडपट्टा दाखवायचा, असा तिचा बेत होता. लढवय्यीही घरचीच होती. श्रद्धाची मैत्रीण जिज्ञासा, जिचा बदलापूरचा वर्ग मी आत्ताच सांगितला.

आता त्या चित्रातलं चिलखत कसं होतं ते ऐका. छातीवर दोन घोटीव वाट्या, त्यांच्या मधोमध खोल घळ. खांद्यांवर वीतवीतभर काटे. पोट सताड उघडं. पाठीला नुसते दोन पट्टे. शत्रू कितीही मंद असला, तरी वार कुठे करायचा हे त्याला शोधावं लागलं नसतं.

पण भगवंतांनी हू की चू केलं नाही. उमेदवारीत असताना त्यांनी एकदा स्वतःचं डोकं चालवून ड्रॉइंगमधलं एक भोक बोटभर सरकवलं होतं. ते बरोबर होतं, तरी सगळा माल परत आला. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. ड्रॉइंगमध्ये असेल ते करायचं, नसेल ते करायचं नाही. मुलीच्या चित्रालाही त्यांनी तोच नियम लावला, आणि घळ तर इतकी हुबेहूब उतरवली की श्रद्धा बघतच राहिली.

माझे पट्टे शिवले सगुणाबाईंनी. भगवंतांची ही थोरली बहीण. उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे वीस वर्षं जीन्स शिवत होत्या. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "आतून काय लावायचं?"

"ड्रॉइंगमध्ये आत काय नाय दाखवलेलं," भगवंत म्हणाले.

"आत पोरगी हाय ना?"

भगवंतांनी परत चित्रावर बोट ठेवलं. बाईही मग पट्टे शिवून मोकळ्या झाल्या.

गुरुवारी संध्याकाळी चिखलोलीच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर तालीम ठरली. जिज्ञासाने मला अंगावर चढवलं. हात वर केला, तर माझा काटा तिच्या कानाला टोचला. "एक नंबर दिसतेस," श्रद्धा म्हणाली. "दिसते ना, मग झालं," जिज्ञासा हसून म्हणाली आणि मान एका बाजूला कलती ठेवून खेळू लागली. मैत्रिणीचं पहिलं प्रदर्शन, कुठे कुरकुर करायची? तिसऱ्या गिरकीला तिचा पाय घसरला आणि ती पालथी पडली.

मित्रांनो, पडणाऱ्याला वाचवायचं हे चिलखताचं काम. मी उलट केलं. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि माझी ती देखणी घळ आतल्या बाजूनं तिच्या छातीच्या हाडावर सुऱ्यासारखी बसली. तिचा श्वासच अडकला. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, आणि हवा आत जाईना. मला ते पत्र्यातून कळत होतं. सगुणाबाईंनी पट्टे कात्रीनं कापून मला बाजूला भिरकावलं. कसाबसा एक श्वास आत गेला, तशी तिला रिक्षात घालून सगळे दवाखान्यात गेले.

मी गच्चीवर उताणा पडून होतो. शेजारणीने वाळत घातलेले पापड गोळा केले, माझ्याकडे बघितलं आणि ती निघून गेली. जिज्ञासाला काही झालं असेल तर, हा एकच विचार. माझा जीव टांगणीला लागला होता. जिन्यात पावलं वाजली तेव्हा आधी कोणाचा आवाज येतो इकडे माझे कान लागले.

आवाज जिज्ञासाचा होता. "अगं, फोटो काढला ना एक्स-रेचा. हाड शाबूत आहे, नुसता मुका मार लागलाय. रडतेस काय?"

रडत होती श्रद्धा. मी तर पत्रा, मला रडता येत नाही. पण त्या क्षणी मला इतकं हायसं वाटलं की कोणी भंगारात घातलं असतं तरी हसत गेलो असतो. श्रद्धाच्या मनात तेच होतं. तिनं मला उचललं आणि म्हणाली, "पप्पा, हे आधी भंगारवाल्याला देऊन टाका."

"त्याची काय चूक?" भगवंत म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. "ही घळ आत जाते, पडली तर लागेल, हे मला ठोकतानाच कळलेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं ड्रॉइंग होतं ना."

श्रद्धाने मला खाली ठेवलं. "मी तरी कुठे विचार केला? सगळे असंच काढतात, म्हणून मीपण काढलं."

"आणि मला घालायचं होतं, तर मला कोणी विचारलंच नाही," जिज्ञासा म्हणाली. मग कान चोळत ती पुढे म्हणाली, "पण मीपण कुठे बोलले? काटा टोचत होता की."

चौघंही शहाणी माणसं, आणि चौघांच्या तोंडाला कुलूप. भगवंतांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मुलीच्या चित्रावर, छातीच्या बरोबर मधोमध, एक काट मारली. पुढचे दोन दिवस जिज्ञासाला हात वर करायला लावलं, वाकायला लावलं, बसवलं, उठवलं, आणि जिथे ती "लागतंय" म्हणाली तिथे मी ठोकला गेलो. घळ उलटी होऊन मधोमध बाहेर आलेला उंचवटा झाला. "कौलांवरून पाणी दोन्हीकडं उतरतं, तसा वार उतरला पायजे," भगवंत म्हणाले. काटे गेले. पोटावर दुकानाच्या शटरसारख्या एकावर एक पट्ट्या आल्या, पाठ झाकली गेली. आतून सगुणाबाईंनी जीन्सच्या कापडाची जाड गादी शिवली. श्रद्धाने चित्र नव्याने रंगवलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. एक गृहस्थ चित्र बघून म्हणाले, "ही बाई बाईसारखी नाही वाटत."

"घरी परत जाणाऱ्या बाईसारखी वाटते ना?" सगुणाबाईंनी विचारलं. ते पुढच्या चित्राकडे सरकले.

खेळ सुरू झाला. समोर जिज्ञासाचा जोडीदार आकाश, हातात काठी. सहाव्या मिनिटाला त्याचा अंदाज चुकला आणि जी काठी हातभर आधी थांबायची ती सरळ माझ्या मधोमध आली, जिथे पूर्वी घळ होती तिथेच. ठण्ण असा आवाज झाला. श्रद्धाने डोळे मिटून घेतले. भगवंत उभेच राहिले. काठी माझ्या उंचवट्यावरून घसरली आणि डावीकडे हवेत गेली.

"लागलं का?" आकाश कुजबुजला.

"नाय रे. चालू ठेव," जिज्ञासा म्हणाली.

तेव्हापासून मी तिच्याच वर्गात आहे. मित्रांनो, तुम्हीही कधी तलवार घेतलेली बाई काढाल. तिचे केस हवे तेवढे उडू द्या, घोडाही उडवा. फक्त तिचं चिलखत कोणाच्या तरी अंगावर घालून बघा, आणि त्या माणसाला विचारा. माझ्यासारख्या पत्र्याला तेल नसलं तरी चालतं, हे विचारणं नसलं तर चालत नाही.

त्या रविवारी टाळ्या कोणाला पडल्या ते मला ठाऊक नाही. मला एवढंच आठवतं की काठी घसरून गेल्यावर जिज्ञासाने छाती भरून श्वास घेतला, आणि तिच्याबरोबर मीही बोटभर वर उचलला गेलो.