एक फेरा आणि एकतीस मणी

नांदेडच्या त्या कॉलेजात सालेहाआपानं बावीस वर्षं मुळं कापली, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा कधी लावला नव्हता. सकाळी बरोबर नऊला अंकुरांच्या मुळांची टोकं कापून बाटलीत टाकायची. त्या घटकेला एका पेशीच्या दोन होत असतात, एवढं तिला ठाऊक. पुढचं काम शिकल्यासवरलेल्यांचं.

आज मात्र मनिषा टेबलावर डोकं टेकून बसली होती. इस्लापूरकडच्या जुन्या भेंडीच्या गुणसूत्रांचा नकाशा हा तिच्या पीएच.डी.चा विषय. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा एक पेशी नीट पसरली होती, आणि नेमका सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा बंद; मोजणी डोळ्यांनीच करायची. तिचे मार्गदर्शक मल्लिनाथ सर, त्यांचा नियम पक्का: तीनदा तोच आकडा आला तरच नकाशात घ्यायचा. मनिषाला एकदा एकशे सव्वीस आले, मग एकशे एकतीस, मग एकशे अठ्ठावीस. काचेवरचा रंग कडेनं सुकत चालला होता. तासाभरात सगळं आक्रसणार, आणि बी तर संपलेलं.

"आपा, शंभराच्या पुढं गेलं की चुकूनच राहिले मी."

"माणसाचे किती असतात गं?"

"शेहेचाळीस."

"आन् भेंडीचे शंभराच्या वर? या अल्ला!"

"म्हणून तर माणसाला चिकटून बसती ती."

आपा हसली. तिचा हात पर्समधल्या तसबीहकडे गेला आणि थबकला. नव्व्याण्णव मण्यांची माळ. पहाटेच्या, फजरच्या नमाजनंतर तिचा एक फेरा पुरा झाल्याशिवाय आपा कुणाशी बोलत नसे. तिच्यावर मोजलं तर मोजणी बोटांची, डोळे काचेसाठी मोकळे. पण ज्या मण्यावर अल्लाचं नाव घ्यायचं, तो भेंडीसाठी कसा ओढावा?

तिनं हात धुतले, पदर सारखा केला, तसबीह नुसती हातात धरली आणि वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

डाळिंबी ठिपके. कुणी मूठभर उधळून दिल्यासारखे, तरी प्रत्येक आपापल्या जागी. रोज ब्लेडखाली येणाऱ्या त्या केसाएवढ्या टोकात हे होतं!

"सुभानअल्ला," तिच्या तोंडून आपसूक निघालं, आणि बोटाखालचा पहिला मणी सरकला. मघाचा प्रश्न मग उरलाच नाही. डोळ्याजवळच्या भिंगातल्या चौकोनी जाळीचं एकेक घर, एकेक ठिपका, एकेक सुभानअल्ला.

एक फेरा पुरा, वर एकतीस. मनिषानं लिहिलं: एकशे तीस. दुसऱ्यांदाही एकशे तीस.

तिसऱ्यांदा बोट तिसाव्या मण्यावर थांबलं. घरं संपली होती.

"एकशे एकोणतीस, बेटा."

मनिषाचा चेहरा उतरला. "रंग सुकून राहिला, आपा. दोनदा आलेच की. लिहू का एकशे तीस?"

"न्हाई गं," आपा हळूच म्हणाली. "न दिसलेल्यावर अल्लाचं नाव कसं घेऊ?"

काठाचं एक घर आता सुकून आखडलं होतं. तिनं मनिषाचा हात सूक्ष्मदर्शकाच्या बारीक फिरकीवर ठेवला. "जरा फिरव. अजून थोडं."

एक ठिपका पुसट झाला, आणि त्याच्या खालून दुसरा वर आला. इवलासा, लख्ख.

मणी सरकला. एकतिसावा. आपाचे ओठ तेवढे हलले.

मनिषानं एकशे तीस लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, मग जेवायची घाई केली. आपानं स्वतःचा डबा उघडला. पहाटे घाईत परतलेली भेंडी. घास भाकरीत धरून ती त्या भेंडीकडे बघत राहिली.

"आपा, खा की!"

"खाते गं," ती म्हणाली. "बघू तरी दे आधी."