मागच्या चाकातली हवा

सहदेवकाकांनी खोपट डेपोत तेहतीस वर्षं एसटीचे टायर सांभाळले, आणि निवृत्तीनंतर ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्यावर आळ आला तोही टायरचाच. दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालच्या कारचं मागचं एक चाक दर दोन-तीन दिवसांनी बसायचं. गाडी काकांच्या खिडकीखाली लागायची, धूर घरात शिरायचा, त्यावरून दोघांची एकदा चांगलीच जुंपलेली. झालं! मृणालने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "हवा कोण काढतंय ते सगळ्यांना माहितीये. ज्याचा हात बसलाय तोच काढणार ना!"

नाव घेतलं नाही म्हणून काय झालं? बिल्डिंगमध्ये टायरवाला माणूस एकच. दुसऱ्या दिवसापासून काका खाली आले की गप्पा मारणाऱ्यांना अचानक घरची कामं आठवायला लागली. ज्याने डेपोतला एक नटसुद्धा कधी घरी आणला नाही, त्याला हे फार लागलं. घास उतरेना.

"अहो, सोडा ना," कलावतीकाकू म्हणाल्या. "कर नाही त्याला डर कशाला?"

"डर नाही गं. तोंड दाखवायची लाज वाटते."

रविवारी सकाळी ते साबणाच्या पाण्याची बादली घेऊन खाली उतरले आणि त्यांनी मृणालला हाक मारली. "हवा भरून आण गाडीत. गळती सापडली नाही तर हवा मीच काढली असं समज. सगळ्यांसमोर माफी मागतो."

मृणाल हवा भरून आली. बघे जमलेच, सेक्रेटरी महिपतराव तर हाताची घडी घालून उभे. काकांनी जॅक लावला आणि चाक हळूहळू फिरवत फडक्याने पाणी सोडलं. खिळा नाही, बुडबुडा नाही. व्हॉल्व्हला बोटाने थुंकी लावून पाहिली. तिथेही काही नाही. मागून कोणीतरी हसलं. काकांची कानशिलं तापली.

"थांबा जरा," म्हणत त्यांनी चाकच काढलं, पालथं घातलं, आणि आतल्या बाजूला टायर रिमला टेकतो तिथे गोल पाणी ओतलं. सगळे वाकले. मिनिटभर काहीच नाही. मग एका गंजलेल्या जागी मोहरीएवढे बुडबुडे उठायला लागले.

"रिम गंजलीय आतून," काका म्हणाले. "पंक्चरवाल्याला गंज घासून टायर परत बसवायला सांग. तो नवीन टायर गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस." आता बोला! जिने बदनाम केलं तिचंच नुकसान वाचवत होता हा माणूस.

मृणालचा चेहरा पडला. "काका, चुकलं माझं. खूप चुकलं. वर चला ना, चहा टाकते."

काका ओले हात लेंग्याला पुसत तिथेच पायरीवर बसले.

"वर नको, बाळा. इथेच आण. सगळ्यांना दिसू दे."