सावलीतली पानं

सासूबाईंनी सुनेच्या कुंड्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा नाकच मुरडलं. "ना फूल, ना फळ. नुसता पानांचा नखरा! झाडं मालकिणीच्या वळणावर गेलीत." लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, आणि समोर पाहुणे बसलेले. पाहुणे हसले. नवराही हसला; जरा उशिरा, पण हसला.

घर आणि शेजारच्या इमारतीची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, तिथे ऊन कधी फिरकत नसे. फुटक्या बादल्यांत, तेलाच्या डब्यांत सुनेने तिथे पानं वाढवली. जांभळ्या पानांना पोपटी काठ असलेला कोलियस, गुलाबी शिरांचा कॅलेडियम, चांदीचा वर्ख लावल्यासारखा बिगोनिया. कोलियसला तुरा आला की ती नखाने खुडून टाकी, म्हणजे पानं दाट येत. बोळात गेलं की जिवाला बरं वाटायचं. तेवढीच एक जागा तिची होती.

मग एके दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची खाट मागच्या खोलीत, बोळाच्या खिडकीशी लावली. सगळं सुनेच्या गळ्यात आलं. पुसणं, कूस बदलणं, चमच्याने भरवणं. तिने ते चोख केलं. बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

हळूहळू तिच्या लक्षात आलं, सासूबाई दिवसभर त्या पानांकडेच बघतात. नवं पान उलगडलं की डावा हात उचलतात. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली, "कुंड्या हलवू नका हं. यांचा जीव त्यांच्यात अडकलाय."

सुनेने मान डोलावली. रात्रभर मात्र तिला ते पाहुण्यांचं हसू ऐकू येत राहिलं.

रविवारी नवऱ्याला आईचा उमाळा आला. "आईला पानं आवडतात ना? मग त्या कोंदट बोळात कशाला? पुढच्या गच्चीत सगळ्या कुंड्या मांडतो, आईलाही तिथेच बसवतो. मोकळं ऊन, मोकळी हवा!"

सासूबाई घशातून आवाज काढू लागल्या. डाव्या हाताने खाटेची कड धरून नाही, नाही अशी मान हलवू लागल्या. ही पानं सावलीतच जगतात, हे इतके दिवस बघून त्यांनाही कळलं होतं.

"आई खूश झाली बघ," नवरा म्हणाला. "चालेल ना गं?"

एक शब्द पुरला असता. सुनेने पदराला हात पुसले.

"तुमची आई, तुमची गच्ची. मी काय सांगणार?"

ती स्वतः कुंड्या उचलू लागली. बिगोनियाची कुंडी तर छातीशी धरून नेली.

दुपारपर्यंत कॅलेडियमची पानं कागदासारखी करपली. कोलियसने माना टाकल्या. खुर्चीला टेकवलेल्या सासूबाई सावलीत होत्या, त्यांना सगळं दिसत होतं. सून शेजारी शेंगा सोलत बसली. आपलंच लेकरू उन्हात टाकल्यासारखं तिला वाटत होतं, तरी ती उठली नाही.

संध्याकाळी नवऱ्याने कपाळाला हात लावला. "ऊन सोसत नाही, हे आधी सांगायचं नाही?"

"मला विचारलं कुणी?"

"चालेल का म्हणून विचारलं की!"

तिने शेंगांची टरफलं गोळा केली.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. बराच वेळ. वाचा नसलेल्या माणसाला जेवढं म्हणता येतं तेवढं सगळं त्यात होतं, आणि सुनेने ते नजर न हलवता ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून सुनेच्या हातच्या चमच्याला त्यांनी तोंड उघडलं नाही. मुलाच्या हातून खात, पण तो सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. दिवसभर उपाशी राहत. अंगावरचं मांस झपाट्याने उतरलं.

सून रोज दुपारी वेळेवर गरम सूप घेऊन जाई. "आई, तोंड उघडा." ओठ घट्ट मिटलेले. ती चमचा धरून थांबे, हाताला कळ लागेपर्यंत थांबे. मग सूप निवायला लागलं की खाटेशेजारी उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकी, आणि वाटी विसळायला आत जाई.